यंत्र द्या, पण ते चालवणारी माणसेही द्या : दिव्यांग कल्याण मंत्र्यांना खुले पत्र

मा. दिव्यांग कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार. सेरेब्रल पाल्सी (जन्माच्या आसपास मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणे) असलेल्या तरुणांसाठी रोबोटच्या साहाय्याने चालण्याच्या सरावाचे केंद्र आमच्या भागात हवे, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

मुलांची आरोग्य तपासणी व उपचार करणाऱ्या शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे छत्र वयाच्या १८ व्या वर्षी संपते. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांचे चालणे मात्र नेमके वयात येतानाच बिघडू लागते. हाडे झपाट्याने वाढतात, ताठर स्नायू त्या वेगाने लांबत नाहीत, गुडघे वाकलेलेच राहतात; लहानपणी वॉकर धरून शाळेत जाणारा मुलगा कॉलेजच्या वयात घरी बसतो. नंदुरबार जिल्ह्यातील शहादा-तळोदा भागात फिजिओथेरपीचे काम करताना हे मला वारंवार दिसते.

रोबोटच्या साहाय्याने चालण्याचा सराव येथे उपयोगी पडू शकतो. त्यात शरीराचे काही वजन पट्ट्यांनी उचलून धरतात, पायांना बांधलेले यांत्रिक सांधे ट्रेडमिलवर पावले टाकून घेतात, आणि थेरपिस्टने हाताने पाय धरून करून घेतलेल्या सरावापेक्षा कितीतरी अधिक पावले एका बैठकीत होतात. मात्र तितक्याच मेहनतीने केलेल्या नेहमीच्या फिजिओथेरपीपेक्षा हे यंत्र सरस आहे, असे अभ्यासांतून ठामपणे सिद्ध झालेले नाही. म्हणून निधी एकाच गोष्टीला पुरणार असेल, तर फिजिओथेरपिस्टची पदे आधी भरावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. फीत कापून झाल्यावर तंत्रज्ञाअभावी कुलपात पडलेली यंत्रे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत.

जळगाव, धुळे व नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांपैकी धुळ्यास राष्ट्रीय महामार्ग एकत्र मिळत असल्याने तिन्ही जिल्ह्यांसाठी एक केंद्र तेथे उभारावे, १८ वर्षांवरील तरुणांनाही प्रवेश द्यावा आणि यंत्राच्या खरेदीबरोबरच देखभालीचा करार करावा. हा सराव आठवड्यातून अनेकदा व सलग काही आठवडे करावा लागतो; धडगाव-अक्कलकुव्याहून रोज येणे कोणालाही शक्य नाही. त्यामुळे रुग्ण व सोबतच्या पालकासाठी राहण्याची सोय हवी, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील तरुणांना त्यापूर्वीच्या महिन्यांत प्राधान्य हवे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २५ मध्ये, विशेषतः ग्रामीण भागात, घराजवळ मोफत आरोग्यसेवा देण्याची तरतूद आहे. उत्पन्नाची अट असली तरी आमच्याकडील बहुतेक कुटुंबे तीत सहज बसतील. येत्या अर्थसंकल्पात या केंद्रासाठी पदांसह स्वतंत्र तरतूद करावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट, शहादा