गाळा रस्त्यावरचाच मागा

बाबा, आई,

परवा फोनवर बाबा म्हणाले की रीडेव्हलपमेंटच्या बिल्डरचा माणूस येऊन गेला, नव्या इमारतीत आपल्या दुकानाला गाळा आहे तेवढ्याच फुटांचा मिळेल पण पोडियमवर, म्हणजे पहिल्या मजल्यावर, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय, फोनवर आपलं भांडणच होतं म्हणून लिहितोय.

शिकागोत मी राहतो तो अँडरसनव्हिल भाग मूळचा स्वीडिश लोकांचा. क्लार्क स्ट्रीटवर जुन्या विटांच्या इमारती, खाली दुकान वर बिऱ्हाड, अगदी आपल्या गिरगाव रोडसारखं, फक्त हॉर्न नाहीत. स्वीडिश माणसं आता थोडीच उरलीत (गिरगावात मराठी उरलेत तशी, बाबा लगेच चिडू नका), पण त्यांच्या म्युझियमच्या गच्चीवर निळ्या-पिवळ्या झेंड्याच्या रंगाची पाण्याची टाकी आहे. २०१४ ला थंडीने बिघडली म्हणून उतरवली तर लोकांना चुकल्यासारखं व्हायला लागलं, शेवटी २०१७ ला तशीच फायबरची नवी चढवली. पाणीबिणी काही नाही त्यात, नुसती शोभा!

पण टाकीने रस्ता चालत नाही हो. २००४ मध्ये या भागाचा एक अभ्यास झाला होता, १०० डॉलर इथल्या माणसाच्या दुकानात खर्च केले तर ६८ शहरातच फिरतात, चेन स्टोअरमध्ये ४३. कारण हा दुकानदार हिशेब लिहायला माणूस इथलाच ठेवतो, बोर्ड इथेच रंगवून घेतो. आपलंच बघा ना, वाती चाळीतल्या बायकांकडून, बिलबुकं शेजारच्या प्रेसमध्ये.

आणि आपली ती पायरी. जोशीकाकूंची किल्ली, कोणाचं कुरिअर, शाळेतून आलेलं पोर, सगळं तिथेच टेकतं, पाडव्याच्या शोभायात्रेला अर्धी वाडी तिथेच उभी असते. कापूर घ्यायला कोण जिना चढणार? जाता जाता दिसला म्हणून घेतात लोक. त्यात २०२५ च्या ऑक्टोबरपासून मेट्रोचं गिरगाव स्टेशन चालू, म्हणजे आता कुठे नवीन गिऱ्हाईक चालत यायला लागलंय आणि नेमकं आत्ताच आपण वर जायचं?

फुटांवरून भांडू नका, 'तळमजला, रस्त्याला लागून' एवढं अॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या. बाकीच्या तिन्ही गाळेवाल्यांना बरोबर घ्या, एकटे जाऊ नका.

आई, सही व्हायच्या आधी प्लॅनचा फोटो पाठव. पूर्ण पाठव, मागच्या वेळी अर्ध्या कागदावर तुझं बोटच होतं.

तुमचा,
बंड्या