‘सिगारेट ओढता का?’ एवढ्यावर भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णाला केसपेपर भरताना विचारतात, ‘सिगारेट ओढता का?’ रुग्ण शेजारच्या मुलाकडे बघतो आणि पुटपुटतो, ‘सोडली.’ कागदावर ‘नाही’ असं पडतं. कधी सोडली, किती वर्षं ओढली, दिवसाला किती, हे राहूनच जातं. माझी तक्रार या राहून गेलेल्या प्रश्नांबद्दल आहे.

रोज 20 सिगारेटी वर्षभर ओढल्या की एक ‘पॅक-इयर’ धरतात. रोज 10 सिगारेटी 40 वर्षं आणि रोज 40 सिगारेटी 10 वर्षं, दोन्हींचे 20 पॅक-इयरच भरतात. धोका मात्र सारखा नसतो. रोजच्या आकड्यापेक्षा व्यसन किती वर्षं चाललं याचं वजन जास्त. ‘मी चारच ओढतो’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

कर्करोगाचा प्रकारही या इतिहासाशी जोडलेला आहे. झपाट्याने पसरणारा ‘स्मॉल सेल’ जवळजवळ धूम्रपान करणाऱ्यांनाच होतो. ‘स्क्वॅमस’चंही नातं धुराशी घट्ट. आयुष्यात कधीच न ओढलेल्यांना होतो तो बहुतेक वेळा ॲडेनोकार्सिनोमा. त्यांच्या गाठीत ईजीएफआर, एएलके यांसारखे जनुकीय बदल जास्त सापडतात, त्यांवर नेमकी लागू पडणारी औषधं गोळ्यांच्या रूपात मिळतात आणि असे रुग्ण सरासरीने अधिक काळ जगतात. पण ॲडेनोकार्सिनोमा ओढणाऱ्यांनाही होतो आणि हे बदल त्यांच्यातही आढळतात. तेव्हा ‘हा ओढणारा’ म्हणून त्याची जनुकीय तपासणी टाळणं हा सरळ अन्याय आहे.

मला सर्वांत जास्त राग येतो तो ‘आता सोडून काय उपयोग?’ या वाक्याचा. धूम्रपानाचे संशोधक रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा 1951 पासून 50 वर्षं मागोवा घेतला. साठीत सिगारेट सोडणाऱ्यांचं आयुष्य, ओढतच राहिलेल्यांच्या तुलनेत, सुमारे 3 वर्षांनी वाढलं. पन्नाशीत सोडणाऱ्यांचं 6, चाळिशीत 9, तिशीत 10. निदान झाल्यावर सोडली तरी जगण्याची शक्यता सुधारते. घरच्यांनी ‘राहू दे, ओढू दे’ म्हणणं मायेपोटीच असतं, पण त्याने रुग्णाचं नुकसान होतं.

केसपेपरवर सुरुवातीचं वय, रोजची संख्या आणि सोडल्याचं वर्ष असे तीन रकाने हवेत. आणि ते भरताना नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर बसवावं, म्हणजे खरं उत्तर मिळेल.

आपला,
एक वाचक