आबांचं दार

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
कार्तिकी एकादशीनंतरचा रविवार

प्रिय दत्त्या,

जुलैपासून तुला सांगायचं म्हणतोय. फोनवर दोनदा अगदी ओठांवर आलं आणि गिळलं. मग पाण्यापावसाचं बोलून फोन ठेवून दिला. आईची शुगर ताब्यात आहे, माझी पाठ बरी आहे. आता खरं ते लिहितो.

माडीच्या खोलीचं दार फुटलं. तुझ्या आबांनी केलेलं.

रागावायचं तर सगळं वाचून रागाव.

साखरपुडा घरीच करायचा ठरला म्हणून मे महिन्यात घराचं रंगकाम काढलं. खालच्या चौकटींची अवस्था तू बघितलीच आहेस. २०१९ ला पुराचं पाणी, परत २०२१ ला पाणी. चौकटींचे पाय फुगले, वाळले, परत फुगले आणि भिंतीपासून सुटले. माडीवर पाणी चढलं नाही, पण तिथंही चौकट आणि गिलाव्यामध्ये पेन्सिल जाईल एवढी फट पडली होती. भिंतीच्या तळाला आबांनी मारलेली सागवानी पट्टी मधेच पोट काढून पुढं आलेली, आणि कोपऱ्यात जिथं दोन पट्ट्या पंचेचाळीसच्या कापात जुळवल्या होत्या तिथं काळी रेघ. पाहुणे येणार, हे दिसायला नको, एवढंच माझ्या डोक्यात. रंगाचा ठेकेदार म्हणाला, "सगळ्या फटी बंद करून देतो, काचेसारखं दिसंल." मी हो म्हणालो. त्याचं नाव घेत बसत नाही, कारण हो मी म्हणालो होतो.

त्यानं दोन गोळे एकत्र मळून लावायची ती दगडासारखी वाळणारी पुट्टी आणली आणि दिसेल ती फट भरली. चौकटीची भरली, पट्टीची भरली. दाराच्या मधल्या फळीभोवती जी बारीक खाच असते, चारी बाजूंनी, तीसुद्धा भरली. वरून पॉलिश पेपर, वरून रंग. साखरपुड्याला सगळे म्हणाले, दार नवीन केलं का. मला बरं वाटलं, दत्त्या. हे लिहिताना हात जड होतोय, पण तेव्हा बरं वाटलं होतं.

मग जुलै आला. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले ती रात्र. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोक्याकडे निघालेली, मी खालचं सामान माडीवर चढवत होतो. धान्याचा डबा, टीव्ही, आईची देवाची पेटी. आणि ते दार मिटेना. राधानगरीचे दरवाजे आपोआप उघडतात आणि आपलं एक दार ढकलून मिटत नाही, असं आई म्हणाली, आणि त्या धांदलीतही आम्ही दोघं हसलो. अडीचच्या सुमाराला काडकन आवाज झाला. आईला वाटलं भिंत गेली. बॅटरी मारून बघितलं तर दाराच्या वरच्या आडव्या लाकडाचं कुसू, म्हणजे टोकाची जीभ, भोकातून बोटभर बाहेर आलेलं, खुंटी तुटलेली, आणि फळीला वरपासून वीतभर चीर.

पाणी या वेळी उंबऱ्याखालीच थांबलं. बाकी सगळं वाचलं.

श्रावणात गंगावेशीकडच्या एका म्हाताऱ्या सुताराला आणलं. त्यानं दाराकडं बघून पहिलं विचारलं, "ही फळी कुणी चिकटवली?" मग मला समोर बसवून समजावलं. लाकूड हवेतलं पाणी पिऊन रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ फुगत नाही. सागाची फूटभर फळी मेपासून जुलैपर्यंत दोन-अडीच मिलिमीटर वाढते. मे महिन्यात लाकूड सगळ्यात आवळलेलं असतं, फट सगळ्यात मोठी दिसते, आणि आपण नेमकी तेव्हा ती दगडानं भरतो. पावसाळ्यात फळीनं जायचं कुठं? म्हणून तिनं सांधा फोडला. मी ऐकत होतो आणि मला आबांचा आवाज येत होता, "लाकूड पाणी पितंय पोरा, त्याला जागा ठिवाय लागतीया." १९८३ च्या उन्हाळ्यात आपण दोघं त्यांच्यासमोर बसून भुसा चाळत होतो, हेच दार चाललं होतं, आणि हेच ते सांगत होते. तेव्हा आपलं लक्ष रंकाळ्यावर पोहायला कधी सुटतोय याच्याकडं. तू तर सरसाच्या डब्यात हात घालून बसलेलास. दुसऱ्या दिवशीपर्यंत तुझ्या सदऱ्याला तो वास येत होता आणि माझी आई तुला अंगणात बसवून जेवायला वाढत होती.

आता जे तुलाच सांगायचं होतं ते. सुतारानं फळी सोडवली. पुट्टी पटाशीनं कण कण काढावी लागली, दोन दिवस गेले. फळी हातात आली तेव्हा तिच्या कडांना, खाचेत जाणाऱ्या भागाला, मेण चोळलेलं होतं. चाळीस वर्षांनी बोट फिरवलं तरी गुळगुळीत. फळी खाचेत सरकत राहावी म्हणून. सरस फक्त कुसवात होता, फळीला थेंबसुद्धा नाही. ती फट आबांनी मोजून ठेवली होती, दत्त्या. मी ती बुजवून टाकली.

आणि तुझ्याशी मी वर्षभर बोललो नव्हतो ते कशावरून? आबा गेल्यावर तू त्यांचे रंधे आणि पटाश्या विकल्यास म्हणून. बिंदू चौकात, भर रस्त्यात, तुला म्हणालो होतो की बापाचे हात विकलेस. तू म्हणालास, भोसरीत एका खोलीत सहा जण राहतो, रंधा ठेवू कुठं? मी ते ऐकूनही घेतलं नाही. तुला पैशाची गरज होती, मला नुसती पाहुण्यांसमोर घर चकचकीत दिसायची हौस होती. तू हत्यारं विकलीस, ती निदान कुणाच्या तरी हातात चालत असतील. मी काम मोडलं. ते तेव्हाचं बोलणं मी परत घेतो. फोनवर म्हणवत नव्हतं म्हणून लिहितोय.

बाकीच्या फटींचं पाऊस सरल्यावर, दसऱ्यानंतर, मी स्वतः हातानं केलं. तुला बारकाईनं सांगतो, कारण चूक असेल तर तूच सांगशील. चौकट आणि भिंतीमधली सगळी कडक पुट्टी खरवडून काढली. तिथं आता रबरासारखं ताणणारं अॅक्रिलिक भरलंय, बंदुकीनं ओढायचं ते. सिलिकॉन घेणार होतो, पण त्याच्यावर रंग धरत नाही, तो सोलून येतो. जिथं फट बोटाच्या जवळ रुंद होती तिथं आधी फोमची गोल दोरी आत दाबली आणि मग वरून भरलं, म्हणजे ते फक्त लाकडाला आणि भिंतीला धरतं, मागं चिकटत नाही, आणि दोन्ही बाजूंना ताणायला मोकळं राहतं. ओल्या बोटानं एकदाच ओढायचं. दुसऱ्यांदा हात लावला की सुरकुती पडते. पहिल्या चौकटीला तीन ठिकाणी पडली, दुसरी चांगली जमली.

तळाची पट्टी सोडवून घेतली. मागं गिलाव्याला फुगवटा होता, तो तासला, आणि पट्टी परत बसवली, तेव्हा मधलं पोट गेलं. ते भरण्याचं काम नव्हतंच, बसवण्याचं होतं. कोपऱ्यातल्या काळ्या रेघेत सागाची कागदासारखी पातळ पाचर, रेषा पट्टीच्या रेषांना समांतर ठेवून, एकाच बाजूला फेविकॉल लावून सरकवली आणि वाळल्यावर पटाशीनं सपाट केली. खिळ्यांच्या भोकांत आधी भुसा आणि फेविकॉल भरून बघितला, आपण लहानपणी करायचो तसा. त्याच्यावर पॉलिश चढत नाही रे, फिकट ठिपका राहतो, फेविकॉल पॉलिश आत शिरू देत नाही. मग ते काढून आधी पॉलिश केलं आणि शेवटी मेणात गेरू आणि थोडी काजळी कालवून भोकं भरली. आता शोधावी लागतात.

दाराला मात्र मी हात लावलेला नाही. सुतार म्हणतो दोन वाटा आहेत. एक, चिरेत सागाची लांब पाचर बसवायची, कुसू नवीन सरसानं परत बसवायचं, फळी आबांचीच राहील, चीर जवळून दिसेल. दुसरी, फळी नवीन करायची. एकदम स्वच्छ होईल. त्याचा कल दुसरीकडं आहे, चीर पुढच्या उन्हाळ्यात पुढं सरकेल म्हणतो. माझा पहिलीकडं आहे. पण मी ठरवायचं नाही असं मी ठरवलंय. दार आमच्या घराला असलं तरी फळी तुझ्या बापानं रंधलेली आहे.

तुझं काय चाललंय? वहिनींचा गुडघा कसा आहे, ऑपरेशन ठरलं का? धाकटीचा निकाल लागला असेल, पेढे पाठवले नाहीस. तुमच्या कारखान्यात ते नवीन मशीन आलं म्हणालेलास, फळी आपोआप कापणारं. त्याला आबांनी काय नावं ठेवली असती ते येशील तेव्हा बोलू. नवीन फ्लॅटच्या दारांना फटी आहेत का ते बघ आणि असल्या तर मे महिन्यात भरू नकोस.

थंडीत ये. दोन दिवस काढ, एकटा आलास तरी चालेल. म्हाताऱ्या सुताराला मी पौषापर्यंत थांबवलंय, तो म्हणाला फळी तोवर नीट वाळू दे. तिला मी वर्तमानपत्रात गुंडाळली नाही, शाई लागते. जुन्या धोतरात गुंडाळून माडीवर आडवी ठेवलीय, खाली तीन पट्ट्या देऊन, भिंतीपासून हातभर लांब. कडांचं मेण पुसू दिलेलं नाही.

तुझा,
विजू