तांत्रिक लिफाफ्यात दर गेला, त्याला 'किरकोळ चूक' म्हणू नका

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
(ई-निविदा भरून देणारी कंपनी; नाव इथे गाळले आहे), पुणे

विषय : शालेय ड्युअल डेस्कच्या ई-निविदेत तुमच्या चुकीमुळे अपात्र ठरल्याबद्दल सेवाशुल्क व झालेला खर्च परत मिळण्याबाबत

संदर्भ : पुढच्या निविदेला 50 टक्के सवलत देऊ करणारा तुमचा ईमेल

महोदय,

कुपवाडला माझे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. एका जिल्हा परिषदेने शाळांसाठी ड्युअल डेस्कची निविदा काढली, ती भरण्याचे काम मी तुम्हाला दिले. तुमचे बिल 8,500 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 10,030 रुपयांचे. त्यात 1,500 रुपये 'सबमिशननंतरची तपासणी' या नावाने वेगळे लावले आहेत. सगळे पैसे आगाऊ भरले.

तांत्रिक लिफाफे, म्हणजे पात्रतेची आणि मालाची कागदपत्रे, उघडले आणि पोर्टलवर माझ्या नावापुढे 'अपात्र' आले. कारण एका ओळीचे होते : तांत्रिक लिफाफ्यात दर उघड केले आहेत. मी फाइल डाउनलोड करून पाहिली. 'टेक्निकल कंप्लायन्स' नावाच्या पीडीएफमध्ये स्पेसिफिकेशनचा तक्ता, पावडर कोटिंगचा टेस्ट रिपोर्ट, सीएचे टर्नओव्हर सर्टिफिकेट हे सगळे जागेवर होते, आणि शेवटच्या पानावर माझा कॉस्टिंगचा कागद होता. चौकोनी पाइप किती किलो, टॉपचा बोर्ड किती, वेल्डिंगची मजुरी, तालुक्याच्या ठिकाणापर्यंतचे भाडे, माझा नफा, आणि खाली जाड अक्षरात एका डेस्कचा अंतिम दर. हा कागद मी ज्या ईमेलने पाठवला त्याचा विषयच होता, 'फक्त बीओक्यू भरण्यासाठी', म्हणजे दराची एक्सेल फाइल भरण्यासाठी. पीडीएफ जोडल्या तुमच्या ऑपरेटरने.

तुमच्या ईमेलमध्ये याला 'किरकोळ अपलोडिंग एरर' म्हटले आहे आणि जिल्हा परिषदेचे कार्यालय आडमुठे आहे अशी पुस्ती जोडली आहे. कार्यालयाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. निविदा तपासणाऱ्या समितीत मी असतो तर मीही हेच केले असते. दोन लिफाफा पद्धत कशासाठी आहे हे तुम्हाला मी सांगावे ही वेळच यायला नको होती. पहिल्या लिफाफ्यातून माणूस पात्र आहे का, माल अटीप्रमाणे आहे का हे बघायचे आणि तोवर कोणाचाही दर कोणाला माहीत नसायचा, एवढ्यासाठीच दुसरा लिफाफा बंद ठेवतात. राज्याच्या 1 डिसेंबर 2016 च्या खरेदी नियमपुस्तिकेपासून प्रत्येक निविदेच्या अटी-शर्तींपर्यंत ही गोष्ट सगळीकडे आहे. या निविदेत तर ठळक टाइपात होती : दर फक्त बीओक्यूच्या एक्सेल फाइलमध्येच भरावा, अन्यत्र आढळल्यास निविदा रद्द.

तुमच्या मॅनेजर मॅडम फोनवर म्हणाल्या, "अहो, खुलासा मागवून घ्यायला हवा होता त्यांनी." कशाचा खुलासा? एखादे जीएसटी प्रमाणपत्र जोडायचे राहिले, अनुभवाच्या दाखल्यावर शिक्का पुसट आला, तर समिती त्रुटीपूर्ततेची संधी देऊ शकते, कारण तो कागद निविदेच्या तारखेआधीच अस्तित्वात असतो आणि तो नंतर आणला म्हणून कोणाची बाजू वरचढ होत नाही. दर एकदा वाचला की समितीला तो विसरता येत नाही. मला पात्र केले असते तर बाकीच्यांनी हरकत घेतली असती, आणि ती योग्यच ठरली असती. याच मॅडमनी पुढे सुचवले की अपात्रतेविरुद्ध अर्ज करा, मसुदा आम्ही देतो, त्याचे वेगळे चार्जेस पडतील. यावर काय बोलावे!

'त्या दिवशी पोर्टल स्लो होते' हे तुमचे दुसरे कारण. बिड फ्रीझ केल्याची, म्हणजे निविदा पोर्टलवर सादर केल्याची, पावती माझ्याकडे आहे. तिच्यावरची वेळ दुपारची आहे आणि निविदेची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपणार होती. मुदत संपेपर्यंत बिड पुन्हा सादर करता येते. फाइल एकदा उघडून शेवटपर्यंत बघितली असती तर ते पान काढून टाकायला पुरेसा वेळ होता. मग 1,500 रुपयांची तपासणी नेमकी कशाची झाली? ती कोणी केली, किती वाजता केली, याची तुमच्याकडे नोंद असेल तर मला पाठवा.

डिजिटल सिग्नेचरचा पिन मी टाकला, म्हणून जबाबदारी माझी, असेही तुम्ही लिहिले आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 प्रमाणे डिजिटल सहीची खासगी किल्ली (प्रायव्हेट की) ज्याची त्याच्या ताब्यात असावी लागते, म्हणून ती ज्यात असते ते पेनड्राइव्हसारखे टोकन घेऊन मी स्वतः आलो. तुमच्याकडे ही रीत दिसत नाही. टेबलाच्या खणात गिऱ्हाइकांची टोकने रबरबँडने बांधून ठेवलेली आहेत, प्रत्येकावर पिनची चिठ्ठी चिकटवून. सही करताना स्क्रीनवर फाइलचे नाव दिसते, आतली पाने दिसत नाहीत. ती बघण्याचेच पैसे तुम्ही घेतले होते.

नुकसान एका निविदेपुरते राहिलेले नाही. याच निविदेतल्या एका स्पर्धकाने मला फोन करून माझ्या वेल्डिंगच्या मजुरीचा आकडा वाचून दाखवला आणि "एवढ्यात परवडतं तुम्हाला?" असे हसत विचारले. पुढच्या निविदेत तो माझ्याखाली दर टाकणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तुमच्या 50 टक्के सवलतीत याची भरपाई कुठे बसते?

वित्तीय लिफाफे उघडल्यावर न्यूनतम दर माझ्या दरापेक्षा जास्त निघाला. तरी काम मलाच मिळाले असते असा दावा मी करत नाही. नमुना तपासणी बाकी होती, तिथे काय झाले असते हे कोणी सांगावे? म्हणून बुडालेला नफा मी मागत नाही. ज्याची पावती आहे तेवढेच मागतो : तुमचे 10,030 रुपये, सीएच्या सर्टिफिकेटची फी, आणि जिल्हा परिषदेत जमा केलेला नमुना डेस्क बनवून पोचवण्याचा खर्च. बिले सोबत जोडली आहेत. बयाणा रक्कम (निविदेसोबत भरलेली अनामत) खात्यात परत आली आहे, ती यात धरलेली नाही. शिवाय माझा कॉस्टिंगचा कागद तुमच्या सगळ्या कॉम्प्युटरवरून काढून टाकल्याचे लेखी हवे. सवलत नको.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत रक्कम जमा झाली नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. सेवा 'व्यावसायिक हेतूने' घेतली म्हणून मी ग्राहकच ठरत नाही, असे सांगून तिथे हात वर करण्याचा विचार असेल तर आधी वकिलाला विचारून घ्या. वर्कशॉपमध्ये मी स्वतः वेल्डिंगला उभा राहतो आणि घर त्यावरच चालते.

उत्तर लेखी द्यावे. फोनवरचे बोलणे ग्राह्य धरणार नाही.

आपला,
प्रोप्रायटर, फॅब्रिकेशन वर्कशॉप,
कुपवाड, जि. सांगली

सोबत : बिड सादर केल्याची पावती, अपात्रतेच्या नोंदीची प्रत, कॉस्टिंग पाठवल्याचा ईमेल, तुमचे बिल, सीए व नमुना खर्चाची बिले