भांडवल शून्य, म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला पाळणाघरावरचा लेख वाचला. त्याच दिवशी लिहायला बसणार होते, पण रविवार हा माझा दुपटी-चादरी धुण्याचा वार. म्हणून आज लिहिते आहे. लेखिकेचा उत्साह दांडगा आहे. ‘भांडवल शून्य, जोखीम शून्य, रिकाम्या वेळेत दहा मुले सांभाळा आणि महिन्याला चाळीस हजार मिळवा.’ माझ्याकडे आलेली पहिली मुलगी यंदा इंजिनिअरिंगला गेली. तेव्हा या धंद्यातलं मला थोडंफार कळतं, असं धरायला हरकत नसावी. दहा मुलं घरात असताना रिकामा वेळ कुठून काढायचा, ते मात्र अजून कळलेलं नाही.

भांडवलाचं म्हणाल, तर बाल्कनीला जाळी, स्वयंपाकघराला अर्धं दार, सॉकेटना टोप्या, गाद्या, इन्व्हर्टर (सहा बाळं मोठ्या मुश्किलीने झोपवावीत आणि पंखा बंद पडावा!) आणि बादल्यांना झाकणं. झाकणं कशाला, असं पालकही विचारतात. सकाळी नळ आला की बादल्या भरून ठेवायची आपल्याकडे सवय. रांगतं मूल तोंडावर पडलं तर वीतभर पाण्यातही बुडतं, आणि आवाजसुद्धा होत नाही. हे सगळं लेखिकेच्या हिशेबात फुकटात आलं असावं. मदतीच्या मावशींचा पगारही त्या चाळीस हजारांत कुठे दिसला नाही. सहा-सात महिन्यांची तीन बाळं एका बाईने सांभाळायची म्हटलं तरी तिचे दोन्ही हात दिवसभर अडकलेले. सरकारच्या पाळणाघर योजनेतसुद्धा २५ मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस धरली आहे. मला विचाराल तर तेही कमीच. पण सरकारने निदान दुसरी बाई धरली!

एवढ्यावर मी पत्र लिहिलं नसतं. पण त्या लेखातली आहाराची चौकट वाचली आणि हातातला चहा खाली ठेवला. ‘मुलांना शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे असा पौष्टिक खाऊ द्यावा, लहान बाळांना मध चाटवावा.’ संपादक महोदय, हे छापण्याआधी एखाद्या बालरोगतज्ज्ञाला फोन केला असता तर बरं झालं असतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत. त्यातल्या जंतूंमुळे क्वचित का होईना, बाळाच्या जिवावर बेततं. आज्या सोनं उगाळून मधात देतात, त्यांना मी हात जोडून समजावते, आणि तुम्ही तेच रंगीत चौकटीत छापता. द्राक्षाचं तर नाशिककरांना वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघरी पेट्या येतात, डब्यात अख्खी द्राक्षं येतात. गोल, गुळगुळीत द्राक्ष लहान मुलाच्या घशात बुचासारखं बसतं. आम्ही एकेक द्राक्ष उभं चिरून चार फोडी करतो. मोसमात ते काम मावशींना दुपारभर पुरतं. शेंगदाणे-फुटाणे आमच्या दारातून आत येत नाहीत. दाण्याचा कूट येतो.

आता त्या ‘जोखीम शून्य’बद्दल. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. दीड वर्षाचा मुलगा. आई अंबडला कंपनीत, पहिली पाळी सातची, म्हणून हा साडेसहाला झोपेतच माझ्या खांद्यावर येणार. वडील रोज पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला. सकाळी मूल अगदी शहाण्यासारखं होतं. अकराच्या सुमारास अंग तापायला लागलं आणि बघता बघता १०३. या वेळेचा अर्थ आम्हा पाळणाघरवाल्यांना बरोबर कळतो. पहाटे पॅरासिटामॉल पाजलेलं असतं, त्याचा असर उतरला की ताप वर येतो. आईला फोन केला. कंपनीत मोबाइल लॉकरमध्ये ठेवावे लागतात. वडील मुंबईत, फोन उचलत नाहीत. फॉर्मवर तिसरा नंबर होता तो सिन्नरच्या मामांचा, त्यांनी फार आपुलकीने चौकशी केली आणि ‘कळवा काय होतं ते’ म्हणाले.

माझ्या यजमानांना कामावरून बोलावून घेतलं, बाकीची मुलं त्यांच्या आणि मावशींच्या ताब्यात दिली आणि रिक्षा करून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, ‘सकाळी औषध दिलंय का? किती वाजता?’ मला कुठे माहीत? पॅरासिटामॉल वजनावर देतात, दोन डोसांमध्ये चार ते सहा तास जावे लागतात. माहीत नसताना दुसरा डोस कसा द्यायचा? ओल्या फडक्याने अंग पुसत बसलो. जेवणाच्या सुट्टीत आईने फोन लावला तेव्हा कळलं. ‘काकू, पाचला दिलं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही घेतलं नसतं ना त्याला.’

घेतलं नसतंच. हातापायावर आणि तोंडात फोड निघाले, तो ‘हँड फूट माउथ’. पावसाळ्यात पाळणाघरात एकाला झाला की रांग लागते. माझ्याकडे आणखी तिघांना झाला. खेळणी, चटया, दाराच्या कड्या सगळं धुऊन काढलं. त्या तिघांच्या आयांनी मला जे ऐकवलं ते छापण्याजोगं नाही.

आणि महिनाअखेरीला या मुलाच्या वडिलांनी फी पाठवली, आजारपणाचे दिवस कापून. मी विचारलं तर म्हणाले, ‘तो आलाच नाही तर पैसे कसले? आणि काकू, तुम्ही तर घरीच असता.’ डॉक्टरांचे आणि रिक्षाचे पैसे मात्र प्रामाणिकपणे वेगळे पाठवले, हात जोडल्याच्या चित्रासकट. मी मावशींचा पगार त्या दिवसांचा कापला नव्हता. जागा त्याच्यासाठी राखून ठेवली होती, दुसरं मूल घेतलं नव्हतं. शाळेला मे महिन्याची फी निमूट भरणारे पालक पाळणाघराला दिवाळीच्या आठवड्याचे पैसे देताना कॅल्क्युलेटर काढतात. लेखिकेने याबद्दल एक ओळ लिहिली असती तर नव्याने सुरुवात करणाऱ्या बायकांचं भलं झालं असतं. पहिल्याच दिवशी कागदावर लिहून सही घ्या. महिन्याची फी पूर्ण, आधी. ताप असेल तर मूल घरी. सकाळी दिलेलं प्रत्येक औषध वेळेसकट सांगायचं. उशीर झाला तर तासाचे पैसे. माझ्याकडे आता असा कागद आहे आणि त्यावरून दोन पालक सोडूनही गेले. जाऊ देत.

त्या आईचा मला फारसा राग येत नाही. खाडा केला की तिचा त्या दिवसाचा पगार जातो आणि कंत्राटावर असल्यामुळे फार खाडे झाले तर कामही जातं. २०१७ साली मातृत्व रजेच्या कायद्यात दुरुस्ती झाली, ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन मुलाला बघता यावं, असं त्यात आलं. सातपूर-अंबडला कंपन्या काय कमी आहेत? मग पहाटे साडेसहाला फाट्यावर कंपनीची बस धरणाऱ्या बाया मुलं माझ्यासारखीच्या दारात का ठेवून जातात, हे तुमच्या वार्ताहराने एकदा एमआयडीसीत फिरून विचारावं. घरच्या घरी चाळीस हजार मिळवायच्या युक्तीपेक्षा ती बातमी मी आधी वाचेन.

जाता जाता आणखी एक. तुमच्या बालपानावरचं ‘ठिपके जोडा’ आम्ही नेमाने कापून ठेवतो. चार-पाच वर्षांची मुलं दुपारी झोपत नाहीत, त्यांना तेवढाच उद्योग. गेले काही आठवडे त्या चित्राच्या कोपऱ्यावर प्लॉटची जाहिरात येते. या रविवारी ४१च्या पुढचे ठिपके जाहिरातीखाली गेले. सोमवारी दुपारभर मला विचारणा चालू होती की हत्तीची सोंड कुठे आहे. जाहिरात खुशाल छापा, पण चौकट जरा खाली सरकवा.

आपली,
एक वाचक
पाथर्डी फाटा, नाशिक

(नाव छापू नये. पालक तुमचाच पेपर घेतात.)