विली नार्मर यांना अनावृत आभारपत्र

आदरणीय विली नार्मर यांस,
सादर प्रणाम.

१९६१ साली आपले निधन झाले, तेव्हा गिटारवादक आणि गायक जॉन हर्ट हे नाव अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील अ‍ॅव्हलॉन या लहानशा वस्तीबाहेर मोजक्याच संग्राहकांना ठाऊक होते, आणि त्यांच्यापैकी अनेकांची समजूत हा गायक केव्हाच वारला असावा अशी होती. त्यानंतरच्या पाच वर्षांत आपल्या या शेजाऱ्याच्या आयुष्यात जे घडले, ते आपल्याला कळायचे राहून गेले. त्या साऱ्याचा आरंभ आपल्या एका शिफारशीत आहे आणि तिचे आभार कोणीतरी रीतसर मानायला हवेत, असे मला फार दिवस वाटत आले आहे.

हर्ट यांना आपण कोणाहीपेक्षा अधिक जवळून ऐकले होते. नवव्या वर्षाच्या आसपास त्यांनी गिटार हाती घेतली, कोणाकडे न शिकता स्वतःच वाजवायला सुरुवात केली, शाळा लहानपणीच सुटली आणि पुढचे आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात राबण्यात गेले. मधले काही महिने ते रेल्वेच्या रुळांवर मजुरी करत होते. तिथल्या एका सहकाऱ्याकडून ऐकलेले कामाचे गाणे पुढे त्यांच्या उत्तम ध्वनिमुद्रणांपैकी एक ठरले. आपले नेहमीचे साथीदार शेल स्मिथ उपलब्ध नसत, तेव्हा नाचाच्या कार्यक्रमांत आपल्या फिडलला, म्हणजे व्हायोलिनला, हर्ट यांची गिटार साथ करी. कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय यांना कायद्यानेच वेगळे ठेवणाऱ्या त्या मिसिसिपीत ही साथसंगत घडत होती, हे मला महत्त्वाचे वाटते.

फिडलच्या स्पर्धेत जिंकून आपल्याला ओकेह या तबकड्या काढणाऱ्या कंपनीसाठी ध्वनिमुद्रणाची संधी मिळाली. कंपनीचे निर्माते टॉमी रॉकवेल यांना आपण हर्ट यांचे नाव सुचवले, आणि फेब्रुवारी १९२८ मध्ये हर्ट मेम्फिसला पोहोचले. मोठ्या दालनात मायक्रोफोन अगदी तोंडाशी आणून ठेवला होता, डोके जराही हलवायचे नाही अशी ताकीद होती आणि त्यामुळे पुढे कितीतरी दिवस मान दुखत राहिली, ही आठवण ते म्हातारपणीही सांगत. तिथे आठ गाणी ध्वनिमुद्रित झाली आणि दोनच बाजारात आली. तरीही त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांना न्यूयॉर्कला बोलावणे आले. खप वाढावा म्हणून त्यांच्या नावाआधी ‘मिसिसिपी’ हे बिरुदही कंपनीनेच लावले. आपल्या तबकड्या श्वेतवर्णीयांच्या जुन्या लोकसंगीताच्या मालिकेत निघाल्या, हर्ट यांच्या कृष्णवर्णीय ग्राहकांसाठीच्या मालिकेत. एकाच काउंटीतले (जिल्ह्यातले), एकाच नाचघरात वाजवलेले संगीत व्यापाराने असे दोन कप्प्यांत टाकले. आपली शिफारस मात्र त्या कप्प्यांना ओलांडून गेली होती.

न्यूयॉर्कमध्ये गावाची ओढ लागलेल्या हर्ट यांनी अ‍ॅव्हलॉनचे नाव घालून एक गाणे रचले. मग महामंदी आली, तबकड्यांचा बाजार कोसळला आणि हर्ट पस्तीस वर्षे पुन्हा शेतमजुरीत राहिले. १९५२ मध्ये हॅरी स्मिथ यांच्या अमेरिकी लोकसंगीताच्या संकलनात त्यांची दोन ध्वनिमुद्रणे आली आणि नव्या पिढीच्या कानांवर पडली. १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स हा तरुण न्यूयॉर्कमध्ये रचलेल्या त्या गाण्यातल्या गावाच्या नावाचा माग काढत थेट अ‍ॅव्हलॉनला जाऊन थडकला. हा पोलिसांपैकी किंवा सरकारी माणूस असावा असे वाटून हर्ट प्रथम धास्तावले. त्यांच्याजवळ स्वतःची गिटारसुद्धा उरली नव्हती.

त्याच वर्षी जुलैमध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात सत्तरीच्या उंबरठ्यावरचे हे गृहस्थ मंचावर बसले आणि श्रोत्यांनी त्यांना डोक्यावर घेतले. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी त्यांची गाणी ध्वनिमुद्रित झाली, नवे अल्बम निघाले, वॉशिंग्टनच्या कॉफीगृहांत विद्यार्थी त्यांच्या बोटांकडे टक लावून बसू लागले. २ नोव्हेंबर १९६६ रोजी मिसिसिपीतील ग्रेनाडा येथे त्यांचे निधन झाले. प्रसिद्धीची तीन वर्षे हा काळ फारच तोकडा होता, आणि त्याची हळहळ मला आजही वाटते.

त्या बोटांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझे ऋण तिथे आहे. हर्ट यांचा अंगठा खालच्या स्वरांच्या तारांवर आळीपाळीने, तबल्यावरच्या ठेक्यासारखा अखंड चालतो, तर पुढची दोन बोटे वरच्या तारांवर चाल वाजवतात, तीही बरेचदा ठोक्याच्या किंचित अलीकडे-पलीकडे. दोन्ही हालचाली एकाच हाताच्या असूनही एकमेकींवर रेलत नाहीत. आवाज कुठेही चढत नाही. खुनाची हकिकत असलेले गाणेसुद्धा ते ओसरीवर बसून सांगावे तशा सौम्यपणे गातात, आणि म्हणूनच ती हकिकत अधिक बोचते. ब्लूज, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांचे हे गीतसंगीत, आक्रोशच असले पाहिजे, हा माझा समज त्यांच्या गाण्याने घालवला. गिटार हे एकट्याने पूर्ण वाजवता येणारे वाद्य आहे, हेही मी त्यांच्याच १९२८ च्या ध्वनिमुद्रणांवरून शिकलो आणि अजून शिकत आहे.

हॉस्किन्स आणि हॅरी स्मिथ यांचे श्रेय मोठे आहे व त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु माग काढायला आधी ते गाणे तबकडीवर असावे लागते, आणि रॉकवेल यांना अ‍ॅव्हलॉनमधल्या त्या शेतमजुराचा पत्ता आपणच दिला. आपले स्वतःचे कॅरोल काउंटीचे नाव लावलेले १९२९ मधले फिडलवादन आजही आवडीने वाजवले जाते. त्या वादनाइतकीच ही शिफारसही मी आपल्या संगीतकार्यात धरतो. तिच्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार.

आपला कृतज्ञ,
गिटारचा एक विद्यार्थी