आईला सांगून टाकलं

मुलुंड,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय विन्या,

तुझे फोन उचलले नाहीत, मेसेजला नुसता अंगठा दाखवला. रागावला असशील. रागव, पण आधी हे वाच, कारण हे मी दुसऱ्या कुणाला लिहू शकत नाही. मंजूला सगळं माहीत आहे, पण तुझ्या अप्पांच्या ऑपरेशनच्या वेळी ती नव्हती. तू होतास.

आईचं मणक्याचं ऑपरेशन झालं. आम्ही बाकी ठीक. माझं बीपी गोळीवर आहे, मंजूचा गुडघा आहे तसाच.

मे महिन्यात तुला म्हटलं होतं बघ, आईला चालवत नाही म्हणून. गेटपासून भाजीवाल्यापर्यंत जायची की पाय भरून यायचे. मग कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर हात टेकून वाकून उभी राहायची. जरा वेळाने पाय हलके व्हायचे की पुढे. पोळ्यासुद्धा ओट्यावर कोपरं टेकून लाटायची. आम्ही आपलं म्हणत राहिलो, वय झालं. एमआरआय काढल्यावर कळलं की कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यात नसांची वाट पार अरुंद झाली आहे. पुढे वाकलं की तेवढीच वाट मोकळी होते, म्हणून ते वाकणं. गोळ्या झाल्या, शेक झाला, व्यायाम झाले. शेवटी तीच म्हणाली, "करून टाका. मला निदान देवळापर्यंत तरी चालायचंय."

ऑपरेशन ठरल्यापेक्षा लांबलं. बाहेर ताई जप करत बसली होती आणि मी त्या दारावरच्या दिव्याकडे बघत होतो. डॉक्टर बाहेर आले ते डोक्यावरच्या टोपीसकट, आणि आधी म्हणाले, "नसा मोकळ्या झाल्यात, काम चांगलं झालंय." मग खुर्ची ओढून आमच्यासमोर बसले. विन्या, डॉक्टर खुर्ची ओढून बसला की माझ्या पोटात गोळाच येतो.

"एक गोष्ट घडली आहे, ती तुम्हाला माहीत असायला हवी," म्हणाले. ड्युरा फाटला होता.

तुला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. नसांभोवतीचं ते बाहेरचं, चिवट आवरण. त्याच्या आत पाणी, आणि पाण्यात नसा. वय झालं की मणक्याच्या आतलं लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, जाड होतं आणि जुन्या वहीत पान कव्हराला चिकटून बसावं तसं त्या आवरणाला चिकटतं. ते लिगामेंट पंच नावाच्या हत्याराने कुरतडून काढताना आवरणाला तीन-चार मिलिमीटरची चीर गेली. लगेच दिसलं, कारण स्वच्छ पाणी वर आलं. मायक्रोस्कोपखाली केसासारख्या दोऱ्याने टाके घातले, वर ग्लू लावला. मग भूलवाल्या डॉक्टरांना सांगून फुप्फुसात क्षणभर हवेचा दाब धरून ठेवला. त्याने आतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि टाका कुठे सैल असला तर तिथून थेंब येतो. एकही आला नाही. हे सगळं त्यांनी केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढून सांगितलं. तो कागद मी घडी करून पाकिटात ठेवला आहे.

मी तिथे बसून अप्पांचाच विचार करत होतो. अप्पांची ओली पट्टी, आणि "घाम आहे हो" म्हणणारी ती सिस्टर. तू पट्टीला बोट लावून वास घेतला होतास आणि म्हणाला होतास, शेखर, घामाला वास असतो. त्या वेळी कोणी खुर्ची ओढून बसलं नाही. पुढे डिस्चार्ज कार्डावर खाली एका ओळीत आवरण फाटल्याचं सापडलं, तेही इंग्रजीत. आणि अप्पा? अप्पा मात्र शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिले की पहिल्या रात्री चहासाठी मीच उठून बसलो, म्हणून ही डोकेदुखी मागे लागली. वहिनींनाही तेच सांगायचे. जी चूक त्यांची नव्हतीच, ती ते इतकी वर्षं आपल्या नावावर वागवत होते. मला त्याचा आजही संताप येतो.

तर ऐक. डॉक्टर गेले आणि ताई म्हणाली, "आईला यातलं काही सांगायचं नाही." तिने डॉक्टरांनाही गाठून विनंती केली. ते म्हणाले, "मी आपणहून विषय काढणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही." मला माणूस आवडला.

ताईचं म्हणणं सरळ होतं. आईला आधीच भीती, त्यात "फाटलं" हा शब्द ऐकून ती हायच खाईल. तुला ताई माहीत आहे. लहानपणी आपण गच्चीवरून पडलो तेव्हा गुडघ्याला हळद लावून "काही झालं नाही" म्हणणारी तीच. (आणि हो, ढकललं तूच होतंस. शिवाजी पार्कचा तो रनआउटही तुझाच. हे मी मरेपर्यंत म्हणणार.)

आईला उताणं झोपवून ठेवलं होतं. उशी नाही, उठून बसणं नाही, सगळं पलंगावरच. का, तर "डॉक्टरांनी सांगितलंय". शेजारच्या खाटेवरच्या बाईंचं ऑपरेशन आईनंतर झालं होतं. त्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून दारापर्यंत जाऊन आल्या. आई छताकडे बघत त्यांच्या वॉकरचा आवाज ऐकत होती. नंतर डोकं थोडं वर करू दिलं तर कपाळापासून मानेपर्यंत असं ठणकलं की तिने डोळेच मिटून घेतले. पलंग खाली केला की बरं. वर केला की पुन्हा तेच.

त्या रात्री मी होतो सोबतीला. दिवे मंद केलेले. मला वाटलं, झोपली. बघतो तर चादरीखाली तिचा उजवा अंगठा वर-खाली होतोय. मग डावा. मग परत उजवा. तोंडाने हळूच मोजत होती, शाळेत पाढे म्हणून घ्यायची तशा लयीत. पाय गेलेत का, हे ती स्वतःच तपासून बघत होती, आम्हाला कळू न देता. सकाळी मावशी स्पंजिंगला आल्या, तर त्यांना म्हणाली, "माझंच चुकलं बाई. पहिल्या रात्री मी शाल दुमडून डोक्याखाली घेतली होती."

विन्या, मला अप्पांचा चहा आठवला आणि मग मी थांबलो नाही.

ताई दुपारी जेवायला घरी गेली तेव्हा आईला सांगितलं. चित्राचा कागद काढून तिच्या डोळ्यांसमोर धरला. सांगितलं की शालीचा काही संबंध नाही. सांगितलं की मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो, त्याच्या खाली नुसत्या नसांच्या जुड्या असतात, आणि त्या नीट आहेत, अंगठे हलतात तो त्याचाच पुरावा. डोकं दुखतं ते पाणी कमी झाल्याने. मेंदू त्या पाण्यात तरंगतो. पाणी कमी झालं की उठल्यावर तो खाली ओढला जातो, आडवं झालं की ओढ थांबते. हे पाणी सगळं मिळून दीडशे मिलिलिटरच्या आसपास, पण शरीर दिवसाला अर्धा लिटर नवं तयार करतं. टाका धरला की भरून येणार.

आई ऐकत होती. मग म्हणाली, "चष्मा दे." कागद नीट बघितला आणि म्हणाली, "हे संमतिपत्रावर होतं. 'आवरणास इजा होणे.' मी वाचून सही केली होती."

छत्तीस वर्षं म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवलेली बाई. न वाचता ती दुधाच्या बिलावरही सही करत नाही. आणि आम्ही दोघं तिला घाबरवू नये म्हणून कुजबुजत होतो.

त्यानंतर जे म्हणाली ते मला लागलं. "डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं, तुम्ही मंजूला सांगितलंत. पाठ माझी आणि मलाच तेवढं नाही?"

मी गप्प. मग तिचा राग जरा उतरावा म्हणून बीअरची गोष्ट सांगितली. पिण्याची नव्हे, ऑगस्ट बीअर, जर्मनीतल्या कील गावचा सर्जन. १८९८ मध्ये पाठीत सुई घालून भूल द्यायचा प्रयोग त्याने स्वतःवर करून घेतला. सुईला सिरिंज बसेना, भूल राहिली बाजूला आणि पाणीच वाहून गेलं. मग सहायकावर प्रयोग केला, भूल चढली का बघायला त्याच्या नडगीवर हातोडीसुद्धा मारली. संध्याकाळी दोघांनी वाइन आणि सिगार घेऊन यश साजरं केलं. नंतर बीअर आठवडाभराहून जास्त आडवा. उठलं की डोकं, निजलं की बरं. आई हसली, मग हसल्याने टाके दुखले म्हणून मला ओरडली. "आणि त्या सहायकाची नडगी?" एवढं विचारून झोपली. गाढ झोपली, विन्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

तू आकड्यांचा माणूस, म्हणून हेही. अमेरिकेत १३ केंद्रांत मिळून मोठा अभ्यास झाला. पहिल्यांदाच मणक्यांमधल्या गादीचं ऑपरेशन होणाऱ्यांत शंभरात साधारण ३ जणांचं आवरण फाटलं, आईसारख्या अरुंद वाटेच्या पेशंटांत ९ जणांचं. ४ वर्षांनी बघितलं तर फाटलेल्या आणि न फाटलेल्यांत फारसा फरक नव्हता. म्हणजे हे चांगल्या हातांतूनही होतं. अप्पांच्या सर्जनच्या हातूनही तसंच झालं असेल, आणि तेवढं मी त्याला माफ करायला तयार आहे. सिस्टरच्या तोंडून घाम म्हणवलं, त्याला नाही.

आता आई तासभर टेकून बसते. डोकं दुखतं, पण आधीसारखं नाही. पट्टी कोरडी आहे, मी रोज बोट लावून बघतो, तुझ्यासारखं. ताप नाही, मान आखडलेली नाही. या दोन्ही गोष्टींवर लक्ष ठेवायला सांगितलंय, कारण पाणी झिरपत राहिलं तर आत जंतू जाण्याची भीती असते.

काळजी उरली आहे ती ताईची. आई तिच्याशी कामापुरतंच बोलते आणि ताई माझ्याशी तेवढंही नाही. "तिला काही झालं असतं तर तू जबाबदार" म्हणाली. दोन रात्री ती आईच्या पायाशी जागी बसली आहे, तिच्या प्रेमात काडीची खोट नाही, आणि म्हणूनच मला तिच्याशी भांडता येत नाही. माझं ती ऐकणार नाही. राखी बांधते त्या भावाचं ऐकेल. तिला फोन कर. उपदेश करू नकोस, फक्त अप्पांच्या चहाचं सांग. तिला ते माहीतच नाही, तुम्ही घरातलं बाहेर कधी बोलला नाहीत. रात्री नऊनंतर कर, तोवर ती हॉस्पिटलमधून घरी पोचते.

चिनूला बारावीचे अभिनंदन, पेढे राहिले आहेत. विहिरीला पाणी लागलं का? वहिनींची शाळेतली भानगड मिटली असेल अशी आशा. इथे हिंदमाताला परवा नेहमीसारखं गुडघाभर पाणी.

आईने आगळ मागवलंय, घरचं. बाटलीचं झाकण नीट लाव, मागच्या वेळी माझ्या बॅगेची वाट लागली होती.

तुझा,
शेखर